वाट पाहणाऱ्यांचा आनंद



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठीं मीं इतिहासावर कांहीं लिहावें, असा आग्रह मंडळाच्या सभासदांनीं धरिला. इतिहास म्हटला कीं देऊळ कोणत्या सालीं बांधलें, घंटा कोणी दिली, कोणते फादर किती वर्षें राहिले, अशी यादी डोळ्यांपुढें येते. ती यादी या पुस्तिकेंत अन्यत्र आलीच आहे. ती वाचीत असतां माझ्या मनांत असें आलें कीं, यादींतील प्रत्येक तारीख कांहींतरी घडल्याची आहे. परंतु दोन तारखांच्या मधलीं जीं वर्षें, ज्यांत कांहींच घडलें नाहीं असें आपण समजतों, त्या वर्षांत येथील कुटुंबें काय करीत होतीं? तीं वाट पाहत होतीं. फादर येण्याची वाट, मिस्सेची वाट, लेकराच्या बाप्तिस्म्याची वाट. आपल्या इतिहासाचा हा मोठा भाग आहे आणि तो कोणत्याही दप्तरांत लिहिलेला नाहीं.

वाट पाहणें म्हणजे काय, हें भंडारा जिल्ह्यांतील मनुष्यास शिकवावयास नको. मृग निघाला कीं पऱ्हे टाकावयाचे आणि मग आभाळाकडे डोळे लावावयाचे. रोवणीस पाणी पाहिजे. तें वेळेवर न आलें तर पऱ्हे जागच्या जागीं पिवळे पडतात आणि त्यांजकडे पाहणाऱ्याचें तोंडही पिवळें पडतें. ज्या पूर्वजांनीं या मुलखांत तलाव व बोड्या खोदिल्या, त्यांनीं पावसाची वाट पाहणें कांहीं सोडलें नव्हतें. पण वाट पाहतां पाहतां त्यांनीं हातांत कुदळ घेतली. या गोष्टीकडे मला पुढें पुन्हा यावयाचें आहे, म्हणून ती येथें नोंदून ठेवितों.

आगमनकाळांत आपण दर वर्षीं प्रभूच्या जन्माची वाट पाहतों. ही वाट गोड असते, कारण २५ डिसेंबर येणार हें पक्कें ठाऊक असतें. मुलें तर दिवस मोजतात. परंतु ज्या वाटेस शेवटची तारीख नाहीं तिचें काय? आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्यानें, परगांवीं गेलेल्या मुलाचें पत्र न आलेल्या आईनें, कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या शेतकऱ्यानें कोणत्या दिवसावर खूण करावी? अशा काळांत ख्रिस्ती मनुष्याच्या अंतःकरणांत आनंद व समाधान राहूं शकतें काय? या प्रश्नाला उपदेशानें उत्तर देणें सोपें आहे, आणि तें आम्ही धर्मगुरु पुष्कळ वेळां देतों. आज तें इतिहासाकडून घ्यावें, म्हणून मी आपणांस गोमंतकांत जन्मलेल्या एका संताच्या मागोमाग समुद्रापलीकडे, लंकेच्या बेटावर नेतों.

या बेटाच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल असतां फ्रान्सिस्कन, जेझुइट व इतर संघांच्या धर्मगुरूंनीं तेथें पुष्कळ देवळें बांधिलीं व मोठा जनसमुदाय श्रद्धेंत आणिला. पुढें डच ईस्ट इंडिया कंपनीनें १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना काबीज केलें. कॅथलिक धर्मगुरूंस बेटाबाहेर घालविण्यांत आलें. त्यांस घरांत लपवून ठेवणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरली. देवळें डचांच्या पंथाकडे गेलीं. त्यांस जोडून शाळा निघाल्या, आणि बाप्तिस्मा व विवाह यांची नोंद त्या शाळांच्या मास्तरांकडे आली. नोंद नाहीं तर सरकारदरबारीं लग्नास किंमत नाहीं, आणि मुलांच्या वारसाहक्कासही धोका. तलवारीपेक्षां हा पेंच अधिक अवघड होता, कारण तो रोजच्या व्यवहाराच्या गळ्याशीं येत असे.

या पेंचांत सर्वच टिकले नाहींत, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पुष्कळांनीं नोंदीपुरतें डचांच्या देवळांत जाणें पत्करिलें. त्यांपैकीं कित्येक हळूहळू तेथलेच झाले. कित्येक पूर्वजांच्या जुन्या धर्माकडे परतले. श्रद्धेच्या शौर्यकथा सांगतांना आम्ही हा भाग बहुधा गाळतों, आणि त्यामुळें ऐकणाऱ्यास असें वाटूं लागतें कीं, आपल्यासारख्या डळमळणाऱ्या मनुष्यास या कथेंत जागाच नाहीं. जागा आहे. सकाळीं सरकारी देवळांत हजेरी लावून रात्रीं दार लोटून जपमाळ म्हणणारीं घरें त्या बेटावर थोडीथोडकीं नव्हतीं, आणि त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार मला तरी कोणी दिलेला नाहीं.

आतां त्या घरांत काय उरलें होतें तें पाहा. मिस्सा नाहीं. पापनिवेदन नाहीं. मरणाऱ्याच्या कपाळीं पवित्र तेल लावावयास कोणी नाहीं. उरला तो बाप्तिस्मा, जो प्रसंग पडल्यास कोणीही देऊं शकतो; उरली जपमाळ; उरल्या तोंडपाठ प्रार्थना, उपवासाचे दिवस आणि सणांच्या तिथी. एवढ्या शिदोरीवर त्यांनीं सुमारें तीस वर्षें काढिलीं. १६५८ सालीं जाफन्यांत जन्मलेलें मूल १६८७ पर्यंत स्वतः दोन-चार मुलांचा बाप झालें असणार, आणि त्यानें आपल्या आयुष्यांत एकही धर्मगुरु पाहिला नसणार. तरीही क्रुसाची खूण कशी करावी हें तो आपल्या मुलांस शिकवीत होता. त्याला तें कोणीं शिकविलें? त्याच्या आईनें. माझ्या मतें लंकेच्या धर्मसभेच्या इतिहासांतील हें सर्वांत मोठें पान आहे, आणि त्यावर एकही नांव नाहीं.

ज्यांची ते वाट पाहत होते, ते त्या काळांत कोठें होते? संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं सासष्टींतील बाणावली येथें झाला. त्यांच्या वडिलांचें गांव सांकवाळ. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढल्या वर्षीं, ५ ऑगस्ट रोजीं, त्यांनीं पत्र लिहून पवित्र मरियेचा आजन्म दास म्हणून स्वतःस वाहून घेतलें. सिलोनच्या अनाथ ख्रिस्ती लोकांची हकीकत कानीं येतांच तेथें धांवत जावें असें त्यांस झालें. पण वरिष्ठांनीं १६८१ सालीं त्यांस धाडिलें कानड्यांत! जेथें जीव ओढत होता तेथें नव्हे, तर दुसरीकडे. वाचकहो, आपल्यापैकीं कित्येकांस या प्रसंगाची ओळख असेल. वाझ यांनीं त्या मुलखांत तीन वर्षें गांवोगांव फिरून शाळा काढिल्या, विस्कळित झालेल्या मंडळ्या एकत्र आणिल्या, गुलामांस सोडविलें. सिलोनला निघेपर्यंतचा मुक्काम म्हणून त्यांनीं मंगळूरच्या लोकांस उरलेंसुरलें मन दिलें नाहीं. गोव्यास परतल्यावर १६८५ सालीं, जुन्या गोव्यांतील पवित्र क्रुसाच्या देवळाजवळ एकत्र राहणाऱ्या कांहीं गोमंतकीय धर्मगुरूंच्या मंडळींत ते सामील झाले व तिचे प्रमुख झाले. हीच पुढें गोव्याची ऑरेटरी म्हणून प्रसिद्धीस आली.

१६८६ सालीं ते एकदांचे निघाले. सोबत जॉन नांवाचा एक सेवक. तुतिकोरिनपर्यंत पायीं मजल, तेथें मुक्काम, आणि १६८७ सालीं गरीब मजुराच्या वेषांत समुद्रप्रवास. वाटेंत वादळ लागलें, जहाज रखडलें, अतिसारानें शरीर खंगलें. जाफन्यास उतरले तेव्हां उभें राहण्याचीही शक्ति नव्हती. एका दयाळू स्त्रीनें पेज पाजून त्यांस जगविलें, असें चरित्रकार सांगतात. ज्या धर्मगुरूची लोकांनीं तीस वर्षें वाट पाहिली तो आला तो असा, दुसऱ्याच्या ओंजळीनें पेज पिणारा!

आतां अडचण अशी कीं, त्यांनीं लोकांस ओळखावें कसें आणि लोकांनीं त्यांस ओळखावें कसें? कोणास विचारण्याची सोय नव्हती. त्यांनीं गळ्यांत जपमाळ घातली व ते दारोदार भिक्षा मागूं लागले. बहुतेकांच्या लेखीं ती भिकाऱ्याच्या गळ्यांतील एक माळ होती. परंतु ज्या दाराआड तीच माळ रात्रीं हातांत घेतली जात असे, तेथें तिच्याकडे पाहणारे डोळे थबकत. कोणी दुसऱ्यांदा बोलावून अधिक भात वाढिला. कोणी हळूच विचारिलें. अशा रीतीनें एक-एक दार उघडत गेलें. तीस वर्षें ज्या घरांनीं जपमाळ टाकून दिली असती, त्या घरांस त्या दिवशीं आपल्या दारीं कोण उभा आहे हें कळलेंच नसतें. वाट पाहण्याच्या काळांत जें जपलें, त्यानेंच येणाऱ्याची ओळख पटविली.

पुढें सिल्लालै गांवीं त्यांनीं ठाणें केलें. मिस्सा रात्रीं होत असे. आजारी व म्हातारे यांच्याकडेही अंधारांतच जाणें. सरकारास सुगावा लागल्यावर १६८९ च्या नाताळच्या रात्रीं जाफन्यांत डच शिपायांनीं छापा घातला आणि सुमारें ३०० लोकांस धरून नेलें. त्यांतील आठ प्रमुख गृहस्थांवर विशेष रोष झाला. एक तर मारानें प्राणास मुकला. धर्मगुरु मात्र सांपडले नाहींत. ज्यांनीं तीस वर्षें वाट पाहिली त्यांस वाट पाहण्याचें फळ म्हणून मिळालीं तीं दोन वर्षें आणि मग बेड्या. व्यवहाराच्या तराजूनें हा सौदा तोट्याचा ठरेल. तरी त्या लोकांनीं त्यांचा ठावठिकाणा सांगितला नाहीं.

वाझ तेथून पुत्तलमच्या बाजूस गेले व १६९२ सालीं डोंगरांतील कँडीच्या राज्यांत शिरले. तेथील राजा बौद्ध होता आणि त्याच्या राज्यांत पुष्कळ कॅथलिक कुटुंबें आश्रयास राहिलेलीं होतीं. पण दरबारांतील एका फ्रेंच गृहस्थानें हा पोर्तुगीजांचा हेर आहे असें राजाच्या कानांत सांगितलें, आणि संत महाराज तुरुंगांत पडले. पहिल्यानें पहारा कडक होता. दिवस जाऊं लागले तसा तो ढिला झाला. बंदिवासांत त्यांनीं काय केलें? ते सिंहली भाषा शिकूं लागले. अंगणांत गवताची एक झोंपडी उभारून तीत क्रूस ठेविला आणि तेथें प्रार्थना सुरू केली. सुटका केव्हां होणार, होणार कीं नाहीं, याचा कांहींच अंदाज नसतां मनुष्य नवी भाषा शिकावयास बसतो, यांत मला त्यांच्या आनंदाचें रहस्य दिसतें. भाषा कोण शिकतो? ज्याला पुढें बोलावयाचें आहे तो.

१६९३ सालीं कँडींत मोठें अवर्षण पडलें. सर्व उपाय हरल्यावर राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानें या कैद्यास प्रार्थना करावयास सांगितलें. भर चौकांत वेदी मांडून व क्रूस ठेवून ते गुडघे टेकून बसले, आणि पाऊस आला. सभोंवार सारें भिजलें पण वेदी व ते कोरडे राहिले, अशी परंपरा आहे. राजानें त्यांस आपल्या राज्यांत उपदेशाची मोकळीक दिली. ही हकीकत आमच्या धानपट्ट्यांतील शेतकऱ्यास सांगितली कीं त्याच्या चेहऱ्यावर तेज येतें, आणि तें साहजिकच आहे. मला स्वतःला मात्र पावसाहून आधींचे ते कोरडे महिने अधिक बोलके वाटतात. पाऊस देणें देवाच्या हातीं होतें. झोंपडी बांधणें वाझ यांच्या हातीं होतें, आणि तें त्यांनीं पाऊस येण्यापूर्वींच केलें होतें.

मोकळीक मिळाली तरी मदत मिळाली नव्हती. १६८७ पासून १६९६ च्या सुमारास गोव्याहून ऑरेटरीचे दुसरे धर्मगुरु येईपर्यंत बेटावर ते एकटेच होते. सर्वांचें पापनिवेदन ऐकणाऱ्यास स्वतःचें पापनिवेदन करावयास कोणी नव्हतें. हें दुःख काय असतें हें धर्मगुरूवांचून इतरांस पुरतें कळणें कठीण. जें लोकांनीं तीस वर्षें सोसलें त्यांतला एक वांटा देवानें त्यांच्या पाळकासही दिला, असें मी समजतों. पुढें १६९७ सालीं कँडींत देवीची सांथ आली. लोक आजाऱ्यांस टाकून पळूं लागले, तेव्हां वाझ व त्यांचे सोबती कोणाचा धर्म न विचारतां त्यांची शुश्रूषा करीत राहिले. त्यांस बिशप करण्याचा विचार झाला होता, तो त्यांनीं नम्रपणें मोडून काढिला. १७०५ सालीं दिवाडी बेटावरील फादर जाकोम गोन्साल्विस येऊन मिळाले, ज्यांनीं सिंहली व तामिळ भाषांत विपुल ख्रिस्ती वाङ्मय निर्माण केलें. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें वाझ यांनीं देह ठेविला.

एक गोष्ट येथें विसरूं नये. त्यांच्या मरणसमयीं डचांचे ते कायदे जसेच्या तसे होते. कॅथलिकांवरील निर्बंध उठले ते इंग्रजी अमदानींत, १८०६ सालीं; म्हणजे जाफना पडल्यापासून १४८ वर्षांनीं. आपण ज्याला वाट संपणें म्हणतों, तें त्यांनीं पाहिलें नाहीं, त्यांच्या लोकांनीं पाहिलें नाहीं, त्यांच्या लोकांच्या नातवांनींही पाहिलें नाहीं. आणि त्यांस संत म्हणून जाहीर करण्यासही तीन शतकें लागलीं. २१ जानेवारी १९९५ रोजीं परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्य म्हटलें, व १४ जानेवारी २०१५ रोजीं परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं कोलंबोच्या समुद्रकिनारीं अफाट समुदायासमोर त्यांस संतपद दिलें.

अशींच उदाहरणें इतरत्रही आहेत. जपानांत नागासाकीजवळच्या गुप्त ख्रिस्ती लोकांनीं दोनशेंहून अधिक वर्षें धर्मगुरूविना काढिलीं आणि १८६५ सालीं एका फ्रेंच फादरांस देवळांत येऊन आपली ओळख दिली. आणि आपल्या मराठी वाचकांस जवळचें असें एक सांगतों. ‘निरोप्या’ मासिक १९०३ सालीं ज्यांनीं सुरू केलें ते फादर हेन्री डोरिंग पुढें पुण्याचे बिशप झाले. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें तेव्हां ते युरोपांत होते. जर्मन म्हणून त्यांस परतण्याची बंदी झाली. वर्षांमागून वर्षें गेलीं. १९२१ सालीं त्यांस जपानांत हिरोशिमा येथें नेमिलें, तेथें त्यांनीं काम केलें, आणि १९२७ सालीं ते पुन्हा पुण्याच्या आपल्या मेंढरांकडे आले. मराठी बोलणाऱ्या त्या बिशपांनीं हिरोशिमांत काम करतांना कोणत्या भाषेंत स्वप्नें पाहिलीं असतील, असा प्रश्न मला कधीं कधीं पडतो.

समाधान आणि स्वस्थ बसणें यांत गल्लत होऊं नये, म्हणून आणखी दोन शब्द. सिलोनची हकीकत गोव्यास पोंचली ती आपोआप नव्हे. कोणीतरी ती पोंचविली. ते लोक समाधानी होते म्हणून मुके नव्हते. गोसीखुर्द धरणाचा पाया १९८८ सालीं घातला गेला, आणि त्याच्या पाण्याखालीं ज्यांचीं शेतें व घरें गेलीं ते लोक आपल्या हक्कासाठीं वर्षानुवर्षें दारें ठोठावीत आले. त्यांच्यापुढें उभा राहून ‘आनंदानें वाट पाहा’ असें मी म्हणूं लागलों, तर तो उपदेश नव्हे, अपमान होईल. पौलानें आनंदाविषयीं जें पत्र लिहिलें तें बेड्यांत बसून लिहिलें. खुर्चींत बसून दुसऱ्याच्या बेड्यांविषयीं लिहिलें नाहीं.

आतां आपल्या घरची गोष्ट. १८८७ सालीं नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हां मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा बहुतेक मुलूख त्यांत येत असे, आणि संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाच्या मूठभर फादरांवर त्याचा भार होता. खेड्यापाड्यांतील श्रद्धावंतांस मिस्सा क्वचितच लाभत असणार, हें वेगळें सांगावयास नको. पण मला जें कळलें तें या जुन्या हिशेबांतून नव्हे.

मी नवा धर्मगुरु असतां माझ्याकडे एक आडवळणाचें गांव होतें. एका पावसाळ्यांत नाला चढला व सात-आठ आठवडे मला तेथें जातां आलें नाहीं. माझ्या मनास फार लागून राहिलें कीं, या लोकांचें आतां कसें होत असेल. पाणी ओसरतांच चिखल तुडवीत मी गेलों तो आयतवारची संध्याकाळ होती. एका आजीच्या ओसरीवर दिवा लाविलेला, दहा-बारा मुलें, तीन-चार बायका, एक-दोन पुरुष, जपमाळ चाललेली. संपल्यावर तिनें सर्वांस लाखोरीच्या डाळीचे वडे वांटले, हंशाखिदळी झाली, मलाही एक वडा मिळाला. मीं क्षमा मागूं लागतांच ती म्हणाली, “फादर, तुमी नाइ आले तरी आयतवार त येतेच ना.”

खरें सांगतों, तें वाक्य मला त्या रात्रीं टोंचलें. माझ्यावांचून यांचें अडलें असेल या कल्पनेंत माझा थोडा अभिमानही होता, हें मला तेव्हां उमगलें. तिनें मला मिस्सेसाठीं किती आतुरतेनें थांबवून घेतलें, दुसऱ्या दिवशीं पहांटे साऱ्या गांवाला कसें उठविलें, हेंही मीं पाहिलें. म्हणजे तिला गरज नव्हती असें नाहीं. भूक होतीच. पण भुकेनें तिचा चेहरा आंबट झाला नव्हता. सिलोनच्या त्या नांव नसलेल्या आयांविषयीं मीं सेमिनरींत वाचलें होतें. पाहिलें मात्र त्या ओसरीवर.

ती आजी गांवांत प्रार्थनामंदिर होण्याआधींच देवाघरीं गेली. तिची जपमाळ, जिचे दोन मणी हरवले आहेत, आज तिच्या नातसुनेकडे असते. नाला अजूनही चढतो; तो चढला कीं आयतवारीं संध्याकाळीं ती माळ बाहेर निघते.